अनोळखी लोकांसोबत रोलप्लेइंग गेम: टेबलावर सगळ्यांना मोकळं वाटावं म्हणून तुम्ही काय करता?

वीसफाशी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डी अँड डीचं) नवीन टेबल सुरू करतेय. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, मीच. सहा खेळाडू आहेत, त्यातले बरेचसे एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत. एक जण पहिल्यांदाच खेळणार आहे, एकाला खूप कमी दिसतं, दोघी मुली आहेत. जागा अजून ठरायची आहे.

धागा काढायचं कारण सांगते. याआधी मी एका टेबलावर खेळाडू म्हणून जात होते. एका सेशनमध्ये आमची टोळी धर्मशाळेत उतरली, तिथे एका दारुड्या सरदाराने माझ्या पात्राचा हात धरला आणि पुढचं सगळं वर्णन डीएम चवीने करत बसला. बाकीचे हसत होते. मी म्हटलं, "पुढे जाऊ या ना." उत्तर आलं, "अगं, ते तुझं पात्र आहे, तू नाहीस. रोलप्ले कर." रात्री घरी येताना राग आला होता, त्याहून जास्त एकटं वाटलं होतं. ते टेबल मी सोडलं. खेळ सोडला नाही, कारण मला तो मनापासून आवडतो.

गेममध्ये भीती हवी, रक्तपात हवा, दगाफटका तर हवाच. पण टेबलावर बसलेल्या माणसाच्या मनात "आता उठून जावं का?" हा प्रश्न येता कामा नये, असं माझं मत आहे. एक्स-कार्ड, लाइन्स अँड व्हेल्स, सेशन झीरो (खेळ सुरू करण्याआधीची बोलणी) हे सगळं वाचलंय. कागदावर उत्तम वाटतं. पण आपल्याकडे माणसं चारचौघांत तोंड उघडून "मला हे नको" म्हणतात का? तुमच्या टेबलांवर खरोखर काय चाललं, काय फसलं, ते सांगा.

रानडुक्कर

रुमाल टाकून ठेवतो. हा विषय इथे यायलाच हवा होता.

चेटकीण

वीसफाशी, तुझा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्याकडे नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक्स-कार्ड म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवलेलं एक कार्ड, त्यावर फुली. जॉन स्टॅव्ह्रोपोलस या न्यूयॉर्कच्या माणसाने २०१३ च्या सुमारास ते लोकांपुढे मांडलं. चाललेला प्रसंग नको वाटला की कुणीही कार्डावर बोट ठेवायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. तेवढा भाग गोष्टीतून वगळून पुढे जायचं.

आमच्या टेबलावर ते कार्ड कितीतरी महिने नुसतं पडून होतं. सगळे म्हणायचे, "हो हो, चांगली कल्पना आहे." हात कुणी लावेना. मग आमच्या डीएमने एक केलं. एका गुहेत कोळ्यांचं वर्णन चालू होतं, तो स्वतःच मध्ये थांबला, कार्डावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मला हे वर्णन पुढे नेववत नाही, कोळ्यांच्या जागी विंचू घेऊ या." चर्चा नाही, काही नाही. विंचू आले, मारामारी झाली, खेळ चालू राहिला. त्यानंतरच्याच सेशनमध्ये एका लाजऱ्या मुलाने पहिल्यांदा कार्डाला हात लावला.

माझं ठाम मत झालंय की कार्ड आधी त्याने वापरावं ज्याच्या हातात टेबलाची सूत्रं आहेत. ते वापरल्याने आभाळ कोसळत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावं लागतं. आणि तुमच्या त्या आधीच्या डीएमने जे केलं त्याला रोलप्ले म्हणत नाहीत. वाचून फार वाईट वाटलं.

शुभांगी_काकू

मुलींनो, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. माझा धाकटा अकरावीत आहे, शनिवारी कुणाकडे तरी "डी अँड डी" खेळायला जातो आणि रात्री उशिरा येतो. हा मोबाइलवरचा गेम आहे का? त्यात हात धरण्याचे वगैरे प्रसंग कसे येतात? काळजी वाटली म्हणून विचारते, टीका नाही.

फासेपारध

काकू, मोबाइल नाही, कागद, पेन्सिल आणि फासे. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंच. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. डीएम सांगतो, "समोर पडका किल्ला आहे, दारावर राक्षस झोपलाय." खेळाडू सांगतात आपण काय करतो. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट कुठे जाईल हे कुणालाच आधी माहीत नसतं, त्यातच गंमत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा प्रकार पहिल्यांदा छापला.

गोष्ट सगळे मिळून रचत असल्यामुळे त्यात काहीही येऊ शकतं, चांगलं आणि वाईटही. म्हणून हा धागा.

एक आधीच सांगून ठेवतो, कारण इंटरनेटवर शोधलंत तर भलतंसलतं वाचायला मिळेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाबद्दल मोठी घबराट पसरली होती. मुलगा आत्महत्येने गेल्यावर पॅट्रिशिया पुलिंग या आईने १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटनाच काढली, सैतानपूजेचे आरोप झाले. खेळामुळे मुलं जीव देतात हे काही सिद्ध झालं नाही. त्या आईचं दुःख मात्र खरं होतं. तेव्हा काकू, मुलाला खेळायला जाऊ द्या. तो कुणासोबत खेळतो, त्यांची वयं काय, एवढं जरूर विचारा.

घाटमाथा

थोडा विरोधी सूर लावतो.

आम्ही नव्वदच्या दशकात होस्टेलवर झेरॉक्स काढलेल्या पुस्तकांवर खेळायचो. पुस्तकं एकाच्या अमेरिकेतल्या मावसभावाने पाठवली होती. कार्ड नाही, फॉर्म नाही. कुणाला काही खटकलं तर तो सरळ शिवी देऊन सांगायचा आणि खेळ पुढे जायचा. आता सेशन झीरोला तीन तास, कुणाला काय चालेल याची कन्सेंटची यादी, त्यावर हिरवं-पिवळं-लाल. फासा टाकायच्या आधीच माणूस दमतो. आणि भयकथेत कुणालाच भीती वाटू द्यायची नसेल तर खेळायचं कशाला?

धागाकर्तीसोबत जे झालं ते चूकच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण तो माणूस वाईट होता. वाईट माणसाला कार्ड काय करणार?

चेटकीण

@घाटमाथा, होस्टेलवर तुम्ही सगळे एका वयाचे, एका विंगमधले मुलगेच होतात ना? शिवी देऊन सांगण्याची मुभा तिथे सगळ्यांना होती. टेबलावर एकच मुलगी असेल, किंवा कुणी परवाच गावाहून आलेला असेल, तर ती मुभा आपोआप मिळत नाही.

आणि त्या झेरॉक्सच्या पुस्तकांचंच बोलायचं तर, १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे डी अँड डीच्या नियमपुस्तकात, मानव पुरुषाच्या ताकदीचा आकडा १८/१०० पर्यंत जायचा आणि मानव स्त्रीचा १८/५० ला अडवलेला होता. ड्रॅगन उडतात, मेलेली माणसं उठून चालतात, पण बाईने पुरुषाइतकं वजन उचलायचं नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते कलम गेलं. कुणाला तरी खटकलं, कुणीतरी बोललं, म्हणूनच गेलं असणार.

घाटमाथा

हे कलम आम्ही कधी वाचलंच नव्हतं. अर्थात आमच्यात स्त्री पात्र कुणी घेतलंही नव्हतं, त्यामुळे ते वाचायची वेळ आली नाही. मुद्दा मान्य. भयकथेचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

कोकणी_कथूलू

भयकथेचं मी सांगतो, मी गेली कित्येक वर्षं कॉल ऑफ कथूलू हा भयकथांचा रोलप्लेइंग गेम चालवतोय.

सीमा ठरवल्या की भीती कमी होते हा समज आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. सेशन झीरोला मी विचारतो: गोष्टीत काय अजिबात नको? त्या झाल्या लाइन्स. काय असलं तरी चालेल, पण दाखवायचं नाही, पडदा पाडायचा? ते व्हेल्स. रॉन एडवर्ड्स या गेम डिझायनरची ही कल्पना, बरीच जुनी आहे. एकदा एका खेळाडूने सांगितलं, लहान मुलांना इजा नको. त्याच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं. ठीक आहे, नको. मग मला कळलं की बाकी सगळ्या दिशांनी मी बिनधास्त जाऊ शकतो. त्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, गुहागरजवळच्या एका बंद बंगल्यात विहिरीतून रोज पहाटे कुणीतरी पाणी शेंदायचं, रहाट फिरताना ऐकू यायचा, आणि विहीर तर कधीच बुजवलेली. चारही खेळाडू खुर्च्या जवळ ओढून बसले होते. कुणाची खरी जखम कुठे आहे हे माहीत असलं की तिथे चुकून पाय पडत नाही आणि माझा हातही आखडत नाही.

तीन तास लागत नाहीत हो. वीस मिनिटं, चहा पिता पिता.

आमच्या खेळाचं मूळच लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथालेखकाच्या कथांमध्ये आहे, आणि त्या माणसाचा वर्णद्वेष त्याच्या कथांमधून आणि पत्रांमधून ढळढळीत दिसतो. २०१५ मध्ये वर्ल्ड फँटसी अवॉर्डने त्याच्या चेहऱ्याचा पुतळा देणं बंद केलं. मी त्याच्या कथांमधलं अथांग समुद्राचं, आकाशाचं भय घेतो. 'काळी माणसं म्हणजे सैतानाचे भक्त' हा मसाला टाकून देतो. गोष्टीचं काहीही बिघडत नाही.

रानडुक्कर

रहाट वाचून आज रात्री पाणी प्यायला उठणार नाही. कथूलूराव, त्या बंगल्यावर वेगळा धागा काढाच.

ओस्लोनिवासी

इकडे नॉर्वेत मी लार्प खेळते. म्हणजे टेबलावर नाही, कपडे घालून, प्रत्यक्ष वावरून. १९९७ मध्ये ओस्लोत पहिलं क्नुटेपुंक्ट संमेलन झालं, तेव्हापासून ते चार नॉर्डिक देशांत आळीपाळीने भरतं. तिथे या विषयावर खूप खल झालाय.

इथे दोन शब्द सगळ्यांना ठाऊक असतात. 'कट' म्हटलं की सगळं जिथल्या तिथे थांबतं. 'ब्रेक' म्हटलं की, म्हणजे गाडीचा ब्रेक, तीव्रता कमी करायची, पण खेळ चालू ठेवायचा. माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा. 'थांबा' म्हणायला माणूस कचरतो, सगळ्यांचा विरस होईल असं वाटतं. 'जरा हळू' म्हणणं सोपं जातं.

आणखी एक खूण: समोरचा रडताना दिसला की तो पात्र म्हणून रडतोय की स्वतः, हे कसं कळणार? अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ओके?' अशी खूण करायची. त्याने अंगठा वर केला तर खेळ चालू. अंगठा आडवा किंवा खाली आला तर त्याला बाजूला घेऊन जायचं, पाणी द्यायचं. हात आडवा धरून हलवला तरी तेच. एक शब्द बोलावा लागत नाही. टेबलावरही हे सहज चालेल.

पात्राच्या भावना आपल्यात आणि आपल्या भावना पात्रात झिरपतात, त्याला इकडे 'ब्लीड' म्हणतात. हे होणारच. म्हणून खेळ संपल्यावर लगेच घरी पळायचं नाही, थोडा वेळ स्वतःच्या नावाने एकमेकांशी बोलायचं. "पात्र आहे, तू नाहीस" म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी समजावायला हवं.

बोधी_आर

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो.

आमच्या ग्रुपने पेशवाईतल्या पुण्यात घडणारी गोष्ट खेळायचं ठरवलं. शनिवारवाडा, नाना फडणवीसांचे हेर, गारदी, वगैरे. सगळे खूश. पात्रं बनवायला बसलो. कुणी सरदाराचा मुलगा, कुणी शास्त्री, कुणी कलावंतीण. माझी पाळी आली. मी विचारलं, "माझ्या आजोबांचे आजोबा या शहरात असते तर त्यांना कुठल्या रस्त्यावरून, कुठल्या वेळी चालता आलं असतं?" टेबलावर एकदम शांतता. कमरेला झाडू, गळ्यात मडकं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय, मी काही नवीन सांगत नव्हतो. पण त्या दिवसापर्यंत त्या टेबलावर मी कोण आहे हा विषय निघालाच नव्हता. एक जण घाईघाईने म्हणाला, "अरे, आपण जात काढूनच टाकू ना गेममधून, फँटसीच आहे."

त्याचा हेतू चांगला होता, पण मला ते नको होतं. जात काढून टाकली की ते पुणे फक्त इतरांसाठी रम्य उरतं आणि माझी माणसं गोष्टीतून गायब होतात. दुसरीकडे, दर सेशनला कुणीतरी एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) माझ्या पात्राचा अपमान करणार आणि बाकीचे हळहळणार, तेही मला नको होतं. ते मी बाहेर पुरेसं पाहिलंय, शनिवारची संध्याकाळ त्यासाठी द्यायची नाही.

डीएमने तेव्हा जे केलं ते मला फार आवडलं. तिने तिथल्या तिथे मत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "तुला कुठली गोष्ट खेळायला आवडेल?" मी सांगितलं: जात आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण अपमानाचे प्रसंग पडद्याआड. माझं पात्र शहराच्या वेशीबाहेरच्या वाटा, ओढे, भुयारं ओळखणारा वाटाड्या. सरदारपुत्राला शहरातून निसटायचं असेल तर माझ्यामागून यावं लागेल. आणि बाकीच्यांनी त्या काळाबद्दल स्वतः वाचून यायचं, मी शिकवणी घेणार नाही.

ती कॅम्पेन वर्षभर चालली. माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम.

सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणजे बोचणारं सगळं पुसून टाकायचं, असं मला वाटत नाही. ज्याला बोचतं त्याला आधी विचारा, एकट्याला विचारा आणि त्याच्या उत्तराला वजन द्या. २०२२ मध्ये डी अँड डीच्या अधिकृत साहसकथांचा एक संग्रह आला, मिमी मंडल या मूळच्या कोलकात्याच्या लेखिकेने त्यात बंगालवर बेतलेला प्रदेश उभा केलाय. वाचताना जाणवतं की आतला माणूस लिहितो तेव्हा नदी, बोट, जत्रा सगळं जिवंत होतं.

वीसफाशी

बोधी, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. 'एकट्याला विचारा' हे मी ठळक लिहून ठेवलंय. सगळ्यांसमोर यादी भरायला लावली तर खरं कुणीच लिहिणार नाही. प्रत्येकाशी आधी स्वतंत्र बोलते.

घाटमाथा

बोधी_आर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. होस्टेलवर आमच्यात कोण गप्प बसायचं ते आता आठवतंय.

फॉर्मबद्दलचं मत बदललेलं नाही, फोन मात्र पटला. तुम्ही वर्षभर काय खेळलात ते सविस्तर लिहा, वाचायला आवडेल.

स्पर्शरेषा

मी दृष्टिहीन आहे आणि चार वेगवेगळ्या टेबलांवर खेळलोय, त्यामुळे वीसफाशींच्या त्या खेळाडूसाठी थोडं.

पहिलं म्हणजे त्यालाच विचारा, "तुला काय लागतं?" कमी दिसणाऱ्यांमध्ये फार फरक असतो. कुणाला मोठा टाइप पुरतो, कुणाला पिवळ्या कागदावर काळी शाई लागते, कुणाला उजेड डोळ्यांवर आलेला चालत नाही. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, पीडीएफच्या चित्रात देऊ नका, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्या, म्हणजे फोन वाचून दाखवतो. ब्रेलचे फासे मिळतात, पण मला ब्रेलपेक्षा डिस्कॉर्ड या चॅटच्या अ‍ॅपवरचा फासे टाकणारा बॉट सोयीचा पडतो, आकडा स्क्रीनरीडर बोलतो. फासा दुसऱ्याने टाकून "सतरा!" सांगितलं तर मजा निम्मी होते, तेव्हा तेवढं टाळा.

नकाशा आणि बाहुल्या असतील तर "इथून तिथे जातो" असं बोट दाखवून बोलायचं नाही. "दारापासून तीस फूट, खांबाच्या डावीकडे" असं सांगायचं. हे एकदा अंगवळणी पडलं की वर्णनं सगळ्यांसाठीच सुधारतात, हे मला डोळस खेळाडूंनी सांगितलंय.

आणि कृपा करून माझ्या पात्राला दर वेळी जादूने दृष्टी देऊ नका. २०२० मध्ये सारा थॉम्पसन यांनी डी अँड डीसाठी लढाऊ व्हीलचेअरचे नियम लिहिले तेव्हा लोक चिडले होते, म्हणे जादूच्या जगात व्हीलचेअर कशाला. खेळणाऱ्याला ती हवी आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

मोरपंखी_नी

स्पर्शरेषा, तुमचं शेवटचं वाक्य माझ्याही बाबतीत लागू पडतं. मी ट्रान्स स्त्री आहे. पहिल्यांदा 'ती' म्हणून ज्या ठिकाणी हाक ऐकली ते गेमचं टेबल होतं, कारण माझं पात्र स्त्री होतं. घरी सांगायच्या कितीतरी आधी.

मराठीत खेळताना एक गोष्ट इंग्रजीत खेळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. इथे बहुतेक वाक्यांत स्त्री की पुरुष ते कळतं. मी 'आले' म्हणते की 'आलो', 'तू गेलास' की 'तू गेलीस'. त्यामुळे कुणाला कसं बोलायचं ते पहिल्या पाच मिनिटांत ठरवावंच लागतं. आमच्याकडे ओळख करून देताना प्रत्येक जण दोन वाक्यं बोलतो, एक स्वतःबद्दल, एक पात्राच्या तोंडून. "मी कालच नाशिकहून आले." "मी, वीरभद्र, तलवार उपसून उभा राहिलो." बस्स, सगळ्यांना कळलं. कुणाला वेगळं विचारायला नको, आणि माझ्यासारखीला एकटं पाडायला नको. कुणी चुकलं तर शेजारचा हळूच दुरुस्त करतो आणि खेळ पुढे जातो. माफीची भाषणं नकोत, त्याने जास्त अवघडायला होतं.

लोकलवाली

जागेबद्दल कुणीच बोललं नाही, मी बोलते. मुंबईत माझ्यासाठी अर्धा निर्णय तिथेच होतो.

अनोळखी माणसाच्या फ्लॅटवर पहिलं सेशन नको. कॅफे किंवा लायब्ररीची खोली, जिथून मध्येच उठून निघता येईल. संपायची वेळ आधी ठरवायची आणि पाळायची. ड्रॅगन अर्धा मेलेला असला तरी मला डोंबिवलीची गाडी पकडायची असते, आणि "दहाच मिनिटं गं" म्हणणाऱ्यांना रात्री अकरानंतर स्टेशनबाहेरची रिक्षा शोधावी लागत नाही. बायकांचं स्वच्छतागृह आहे का ते बघा. उंच पायऱ्या आहेत का बघा. खाण्याचं बिल जबरदस्तीने समान वाटू नका, कॉलेजच्या पोरांना चारशेची कॉफी परवडत नाही आणि ती काही न सांगता यायची बंद होतात.

आता कठीण भाग. घाटमाथांनी विचारलं होतं ना, वाईट माणसाला कार्ड काय करणार. काहीच नाही. आमच्या जुन्या ग्रुपमध्ये ज्याच्या घरी खेळायचो तोच त्रास देणारा होता. रात्री उशिरा खाजगी मेसेज, "तुझ्या पात्राबद्दल बोलायचंय" म्हणून सुरू करून भलतीकडे. मला आलेले, मग कळलं की आणखी दोघींना आलेले. सगळ्यांना अंधुक माहीत होतं. पण मोठं टेबल त्याचं, पुस्तकं त्याची, एसी त्याचा. "तो तसाच आहे, तू दुर्लक्ष कर" असं मला सांगितलं गेलं. आम्ही तिघी निघून गेलो, तो अजून खेळवतोय.

लाइन्स, व्हेल्स हे सगळं चांगल्या मनाच्या माणसांनी चुकून एकमेकांना दुखवू नये म्हणून आहे. मुद्दाम दुखवणाऱ्याला बाहेर काढायला कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि ते ज्याला त्रास झाला त्याने एकट्याने करायचं काम नाही.

फासेपारध

लोकलवाली, शब्द न शब्द सहमत.

चेटकीण

+१. यावर आम्ही केलेली सोय सांगते. घर एकाचं, डीएम दुसरा आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती तिसरीच. तीन कामं एका हातात नकोत. ती तिसरी व्यक्ती कोण हे पहिल्याच दिवशी ठरतं आणि तिला "या माणसाला पुढच्या वेळी बोलवायचं नाही" असं ठरवायचा अधिकार असतो. मतदान नाही, कारण मतदानात जुना मित्र नेहमी जिंकतो. एकदा तो अधिकार वापरावा लागला. दोन जण रागावून गेले, त्यातला एक परत आला. टेबल टिकलं.

रानडुक्कर

अवांतर: वातावरण फार गंभीर झालंय म्हणून एक नम्र सूचना. वडापाव खाऊन फाशांना हात लावणाऱ्यांसाठी पण एक कार्ड हवं. माझा निळा डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) अजून लसणाच्या चटणीचा वास सोडतो.

कोकणी_कथूलू

बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत. आमच्याकडे फासे आणि तळण एका टेबलावर येत नाहीत. आणि आणणाऱ्याने आधी विचारायचं, कुणाचा उपास आहे, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कोण मांसाहार करत नाही. कुणाच्या डब्याला नाक मुरडलं तर मी, डीएम म्हणून, तिथेच बोलतो.

शुभांगी_काकू

सगळे प्रतिसाद वाचले. काल मुलाला विचारलं कुणासोबत खेळतोस. त्याने तासभर बोलून दाखवलं, एवढं तो माझ्याशी दहावीनंतर बोललेला नाही. त्याचा ग्रुप वर्गातलाच आहे, एकीची आई घरी असते. जिवाला बरं वाटलं. वीसफाशी, तुमच्या टेबलावर तो आला तर चालेल का?

वीसफाशी

काकू, किती छान! पण या टेबलावर सगळे पंचविशीच्या पुढचे आहेत, गोष्टही तशीच असेल, म्हणून नाही म्हणते. त्याने वर्गमित्रांसोबतच खेळावं. त्यांच्या डीएमला हवं असेल तर मी येऊन पहिली तयारी करून देईन.

आता माझं काय ठरलं ते सांगते. जागा: कॅफेची वरची खोली रद्द, कारण जिना अरुंद आहे. एका वाचनालयाची तळमजल्यावरची खोली मिळतेय, रविवारी चार ते साडेसात. प्रत्येकाशी आधी फोनवर बोलणार, 'काय नको' सोबत 'काय खूप हवंय' हेही विचारणार. सेशन झीरोत ओळखीची ती दोन वाक्यं, ब्रेक आणि ओकेची खूण, कार्ड मधोमध, आणि पहिलं बोट माझं. तक्रार ऐकायला एका खेळाडूला विचारलंय, ती हो म्हणाली आहे. मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी, शेवटची वीस मिनिटं नुसत्या गप्पांची.

एकच अडचण उरलीये. सहापैकी एकाची पुढच्या महिन्यात बदली होतेय, तो नागपूरहून ऑनलाइन जोडला जाईल. खोलीत पाच आणि पडद्यावर एक, अशा वेळी त्याचा आवाज दबतो. काय करता?

ओस्लोनिवासी

आमच्या मराठी ग्रुपमध्ये नेहमीच कुणीतरी दुसऱ्या देशात असतं. खोलीत एकाच लॅपटॉपचा माइक नको, टेबलाच्या मध्ये वेगळा माइक ठेवा, नाहीतर त्याला फक्त डीएम ऐकू येतो. त्याच्याशेजारी बसल्यासारखा एक जोडीदार नेमा, जो चॅटवर लक्ष ठेवेल आणि "त्याला बोलायचंय" म्हणून हात वर करेल. कॅमेऱ्याची सक्ती नको, घरात मागे कोण आहे हे सगळ्यांना दाखवायची त्याची इच्छा नसू शकते. कार्डाच्या जागी चॅटमध्ये नुसतं 'एक्स' टाइप करायचं. आणि लढाईत पहिली पाळी त्याला द्या, शेवटची नको. शेवटच्या पाळीपर्यंत नेट गेलेलं असतं.

स्पर्शरेषा

आणि नकाशाचं वर्णन तोंडी करणार आहातच, त्याचा नागपूरवाल्यालाही उपयोग होईल.

वीसफाशी

माइक आजच मागवते. जोडीदार म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलीला विचारू का? तिलाही नियम चॅटवर विचारता येतील, सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटणार नाही.

ओस्लोनिवासी

विचार. पण पहिली दोन सेशन कुणा सरावलेल्याला दे, तिला आधी स्वतःचं पात्र समजू दे.